स्वस्त कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा कसा तपासून पाहावा: क्रमवार मार्गदर्शक

नवा किंवा वापरलेला स्वस्त कॅमेरा हातात आला की बहुतेक जण संध्याकाळी खोलीतल्या दिव्याखाली घरच्यांचे चार फोटो काढतात, झूम शेवटपर्यंत ओढून खिडकीबाहेरचे काहीतरी टिपतात, ते सारे मोबाइलवरून दोन-तीन जणांना पाठवतात आणि त्यांच्या अभिप्रायावरून कॅमेरा चांगला की वाईट ते ठरवून टाकतात. या पद्धतीने खरा दोष हमखास निसटतो आणि जो दोषच नाही त्याबद्दल मात्र तक्रार होते. फोटो बिघडण्याची कारणे तीन प्रकारची असतात: त्या विशिष्ट नगातला दोष, त्या जातीच्या कॅमेऱ्याची मर्यादा आणि आपली हाताळणी. दोष असेल तर कॅमेरा परत करायचा असतो, मर्यादा समजून घ्यायची असते आणि हाताळणी सुधारायची असते. ही तीन कारणे वेगळी करता यावीत म्हणूनच खालचे टप्पे दिलेल्या क्रमाने करावेत. परत करण्याजोगे दोष आधी, मर्यादा नंतर, असा हा क्रम आहे.

## टप्पा १: तयारी

कॅमेरा परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत कोणत्या दिवशी संपते, हे सर्वांत आधी लिहून ठेवावे. संपूर्ण तपासणीला दोन दिवस पुरतात; त्यांपैकी एका दिवशी दिवसाउजेडी दोन तास मोकळे हवेत. वेष्टन, पट्टा, झाकणे यांपैकी काहीही तोपर्यंत टाकून देऊ नये.

बॅटरी पूर्ण चार्ज करावी. कॅमेरा पेन्सिल सेलवर चालणारा असेल, तर साध्या अल्कलाइन सेलऐवजी चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट छापलेले असले आणि या सेलवर १.२ व्होल्ट, तरी फ्लॅश व झूमची मोटर यांच्या ताणाखाली अल्कलाइनचा दाब लवकर घसरतो आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. हा सेलचा प्रश्न असतो, कॅमेऱ्याचा नव्हे. मेनूत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असल्यास तीही जुळवून घ्यावी.

मेमरी कार्डाच्या बाबतीत कॅमेऱ्याचे वय पाहावे. साधी एसडी कार्डे २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्यापुढची एसडीएक्ससी असतात. जुन्या कॅमेऱ्यात मोठे कार्ड घातले, तर तो ते ओळखतच नाही, आणि कॅमेरा बिघडला असा समज होतो. शक्य असेल तर भरवशाचे आणि दुसऱ्या उपकरणात व्यवस्थित चालत असलेले कार्ड घ्यावे व ते याच कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करावे.

सावधान: फॉरमॅट केल्यावर कार्डावरचे सर्व काही पुसले जाते. आधीचे फोटो उतरवून घेतल्याची खात्री करावी. कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ असे सांगत असेल, तर कार्डाच्या कडेची बारीक सरकपट्टी खाली सरकली आहे का, ते पाहावे.

याशिवाय एक वही, एक टॉर्च, वर्तमानपत्राची पाच पाने, चिकटपट्टी, हाताएवढा आरसा आणि कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी ट्रायपॉड किंवा पुस्तकांची भक्कम रास जवळ ठेवावी.

## टप्पा २: बाहेरून पाहणी

बटणे, बॅटरीच्या झाकणाची कडी, चार्जिंगचे छिद्र आणि तळाची ट्रायपॉडची आटी क्रमाने तपासाव्यात. मग कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करावा आणि लेन्स बाहेर येताना व आत जाताना आवाज ऐकावा. एकसारखी घरघर ठीक आहे. दरवेळी त्याच जागी अडखळल्यासारखी कुरकुर होत असेल, तर नळीत वाळूचा कण किंवा जुन्या आघाताची खूण असण्याची शक्यता मोठी. वापरलेला कॅमेरा असल्यास टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून लेन्समध्ये पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या, तर ती बुरशी असते आणि ती पुसून जात नाही.

स्क्रीनवर एखादा ठिपका सतत चमकत असेल, तर मेनू उघडावा. मेनूवरही तो तिथेच दिसला, तर तो स्क्रीनचा ठिपका आहे आणि फोटोत उमटणार नाही.

## टप्पा ३: फोटो काढण्याआधी मेनू

हा टप्पा बहुतेकांकडून राहतो आणि त्यामुळे पुढच्या सर्व चाचण्या निरुपयोगी ठरतात. तारीख आणि वेळ लावावी. चित्राचा आकार सर्वांत मोठा आणि दर्जा सर्वांत उत्तम निवडावा. मात्र पेटीवर अविश्वसनीय वाटावा असा मेगापिक्सेलचा आकडा असेल, तर आकाराचा निर्णय सहाव्या टप्प्यावर सोडून तोपर्यंत १२ मेगापिक्सेलच्या आसपासचा आकार ठेवावा. डिजिटल झूम बंद करावा, कारण तो लेन्स हलवत नाही. चित्राचा मधला तुकडा कापून फुगवतो. चेहरा उजळ करणारे, रंग गडद करणारे सर्व परिणाम बंद ठेवावेत. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील राहील तो आकडा, स्वयंचलित न ठेवता सर्वांत कमी, म्हणजे सहसा १०० किंवा ८०, असा ठरवावा.

कॅमेरा आधारावर ठेवून काढायच्या फोटोंसाठी कंप रोखणारी यंत्रणा बंद करावी आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टाइमर लावावा. बोटाच्या दाबाने बसणारा धक्का हे या चाचण्यांतले सर्वांत सामान्य विघ्न आहे.

खात्री करा: एक फोटो काढून तो केबलने किंवा कार्डावरून संगणकावर घ्यावा आणि फाइलच्या गुणधर्मांत शटरचा वेग (शटर किती वेळ उघडे राहिले), आयएसओ, एफ-अंक (लेन्सचे छिद्र किती उघडे होते) व फोकल लांबी (झूम किती होता, ते मिलिमीटरमध्ये) दिसते का, ते पाहावे. मेसेजिंग ॲपमधून पाठवलेला फोटो तपासणीसाठी घेऊ नये. तो लहान केलेला आणि दाबलेला असतो, आणि त्यातली ही माहिती बहुधा गळून गेलेली असते.

## टप्पा ४: सेन्सरची चाचणी

सेन्सर म्हणजे लेन्समागचा प्रकाश टिपणारा तुकडा. लेन्स काळ्या कापडाने पूर्ण झाकून, फ्लॅश बंद करून दोन फोटो घ्यावेत: एक साधारण १/६० सेकंदाचा आणि एक एक सेकंदाचा. वेग हाताने ठरवता येत नसेल, तर रात्रीचा मोड निवडावा. तो शटर आपोआप जास्त वेळ उघडे ठेवतो. संगणकावर हे काळे फोटो शंभर टक्के आकारात सरकवत पाहावेत. दीर्घ फोटोत चार-दोन लाल-निळे ठिपके दिसणे नित्याचे आहे. पण १/६० च्या फोटोतही तोच ठिपका त्याच जागी उजळत असेल, तर तो प्रत्येक फोटोत उमटणार आहे. दहा मिनिटे व्हिडिओ घेऊन कॅमेरा गरम झाल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी, कारण उष्णतेने असे ठिपके वाढतात.

दुसरी चाचणी धुळीची. सूर्यापासून दूरच्या कोऱ्या आकाशाचा किंवा सपाट पांढऱ्या भिंतीचा फोटो झूमच्या दोन्ही टोकांना घ्यावा. फोकस बसला नाही तरी चालेल. संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर दोन-तीन फोटोंत त्याच जागी करडा, धूसर कडांचा डाग दिसला, तर धूळ आत सेन्सरवर किंवा त्याच्या जवळ आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नसल्यामुळे ती घरी साफ करता येत नाही, म्हणून नव्या कॅमेऱ्यात असा डाग हे परत करण्याचे सरळ कारण समजावे.

सावधान: सूर्याकडे, विशेषतः झूम लावून, कॅमेरा रोखू नये.

## टप्पा ५: लेन्सची भिंत-चाचणी

संपूर्ण तपासणीत एकच टप्पा नीट करायला वेळ असेल, तर तो हा करावा. स्वस्त लेन्सची काचेची भिंगे किंचित तिरकी बसलेली असणे हा या वर्गातला नेहमीचा दोष आहे. त्यामुळे चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट येते. मी स्वतः एका कॅमेऱ्यात हे दोन महिन्यांनी ओळखले. समूहचित्रांत उजव्या टोकाची माणसे नेहमीच अस्पष्ट येत होती आणि मी आपला हात हलतो असे मानत राहिलो. तोपर्यंत मुदत टळून गेली होती.

वर्तमानपत्राची चार पाने भिंतीवर चार कोपऱ्यांत आणि पाचवे मध्यभागी चिकटवावे. कोपऱ्यांतल्या पानांवर १ ते ४ आकडे मोठे लिहावेत. भिंतीवर प्रकाश सारखा पडला पाहिजे. कॅमेरा आधारावर अशा अंतरावर ठेवावा, की चारही पाने चौकटीच्या कोपऱ्यांत येतील.

आता कॅमेरा भिंतीला समांतर हवा, आणि इथेच बहुतेकांची चाचणी फसते. डोळ्याने केलेला अंदाज पुरत नाही. मधल्या पानावर आरसा भिंतीला सपाट टेकवून धरण्यास कुणाला तरी सांगावे आणि स्क्रीनवर पाहावे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसले, म्हणजे कॅमेरा भिंतीला काटकोनात रोखलेला आहे. प्रतिबिंब डावीकडे सरकलेले असेल, तर कॅमेरा किंचित डावीकडे वळवून ते मध्यावर आणावे, आणि गरज पडल्यास आधारही थोडा सरकवावा.

आरसा काढून मधल्या पानावर फोकस करावा आणि सेल्फ-टाइमरने तीन फोटो घ्यावेत. नंतर झूम मध्यावर आणि शेवटी टोकाला नेऊन, पाने चौकटीत बसतील इतके मागे जाऊन, पुन्हा आरशाने जुळवून तेच करावे. प्रत्येक जागी तीन फोटो घेण्याचे कारण असे, की स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस दरवेळी सारखा बसत नाही. तिघांतला सर्वांत स्पष्ट फोटोच तुलनेला घ्यावा.

संगणकावर चारही कोपऱ्यांतला बारीक मजकूर वाचून पाहावा. चारही कोपरे मध्यापेक्षा सारखेच पुसट असतील, तर ती मर्यादा आहे आणि या वर्गात ती मान्य करावी लागते. एकच कोपरा किंवा एकच बाजू ठळकपणे पुसट असेल, तर दोषाचा संशय घ्यावा. पण निष्कर्ष लगेच काढू नये.

खात्री करा: कॅमेरा उलटा, म्हणजे तळ वर, असा त्याच जागी धरून आरशाने पुन्हा जुळवावा आणि फोटो घ्यावा. आधी २ क्रमांकाचे पान पुसट होते आणि आताही तेच पुसट आले, तर चूक मांडणीत आहे. भिंत किंवा कॅमेरा तिरका आहे. पण आता २ क्रमांक स्पष्ट झाला आणि समोरच्या तिरप्या कोपऱ्यातले पान पुसट झाले, तर पुसटपणा कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे दोष लेन्सचा आहे. हे दोन फोटो जपून ठेवावेत. यापेक्षा चांगला पुरावा विक्रेत्याला देता येत नाही.

## टप्पा ६: मेगापिक्सेलच्या दाव्याची पडताळणी

अनेक स्वस्त कॅमेऱ्यांवर ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल असे छापलेले असते, आणि तितक्या आकाराची फाइल ते खरोखर देतातही. प्रश्न हा, की ते ठिपके सेन्सरने टिपलेले आहेत की आतल्या सॉफ्टवेअरने मधे भरलेले. कॅमेरा न हलवता त्याच मधल्या पानाचा एक फोटो कमाल आकारात आणि एक १२ मेगापिक्सेलमध्ये, म्हणजे सुमारे ४००० गुणिले ३००० ठिपक्यांत, घ्यावा. संगणकावर लहान फोटो मोठ्याइतका दिसेल असा वाढवून बारीक अक्षरे शेजारी ठेवून वाचावीत. मोठ्या फाइलमध्ये एकही जास्तीचे अक्षर वाचता येत नसेल, तर तो आकडा भरीव नाही. मग कायम लहान आकारच वापरावा. कार्डावर जागा वाचते आणि दोन फोटोंमधला खोळंबाही कमी होतो. दाव्यामुळेच तो कॅमेरा घेतला असेल, तर परत करण्याचा विचार करणे रास्त आहे.

## टप्पा ७: फोकस आणि शटरचा विलंब

शटरचे बटण दोन पायऱ्यांचे असते. अर्धे दाबल्यावर फोकस बसतो आणि पूर्ण दाबल्यावर फोटो निघतो. एका झटक्यात पूर्ण दाबणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, आणि ‘कॅमेरा धूसर फोटो काढतो’ या तक्रारीच्या मुळाशी बहुधा तीच असते. चाचणीसाठी एकच वस्तू ३० सेंटिमीटर, १ मीटर आणि ३ मीटर अंतरावर ठेवून प्रत्येक अंतरावर पाच फोटो घ्यावेत. दरवेळी अर्धे दाबून थांबावे, फोकसची खूण हिरवी झाली की मगच पुढे दाबावे. पाचांपैकी किती स्पष्ट आले, ते वहीत लिहावे.

अगदी स्वस्त कॅमेऱ्यांत फोकस हलतच नाही. साधारण एक मीटरपासून पुढचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट दिसेल, असा तो कारखान्यातच बसवलेला असतो. ३० सेंटिमीटरवरचे सर्व फोटो पुसट आणि ३ मीटरवरचे सर्व ठीक, असे आले तर मॅक्रो मोड (जवळच्या वस्तूंसाठीचा) बंद असलेला किंवा अशा जातीचा कॅमेरा समोर आहे, असे समजावे. काही कॅमेऱ्यांत लेन्सजवळ फुलाचे चिन्ह असलेली सरकपट्टी असते. ती चुकून फुलावर राहिली, तर दूरचे सर्व काही धूसर येते. म्हणून तिची जागा आधी पाहावी.

विलंब मोजण्यासाठी मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून त्याच्यावर कॅमेरा रोखावा आणि आकडा ५.०० होताना बटण पूर्ण दाबावे. फोटोत ५.६० दिसले, तर विलंब सुमारे ०.६ सेकंद. हेच बटण आधीपासून अर्धे दाबून धरून पुन्हा करावे. आपल्या हाताची चूक सरासरीत विरावी म्हणून दोन्ही प्रकार पाच-पाच वेळा करावेत. दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे फोकसला लागणारा वेळ, आणि धावते मूल टिपायचे असेल तर आधी अर्धे दाबून थांबणे किती आवश्यक आहे, ते हा आकडा दाखवून देतो.

## टप्पा ८: कमी प्रकाश

परत करण्याजोगे बहुतेक दोष इथवर संपतात. यापुढे मुख्यतः मर्यादा आहेत. या कॅमेऱ्यांत प्रचलित असलेल्या १/२.३ इंची सेन्सरचे माप सुमारे ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) सेन्सरच्या साधारण तिसावा हिस्सा. संध्याकाळी खोलीत काढलेला फोटो रवाळ येतो त्याचे मूळ यात आहे, आणि कॅमेरा बदलून तसाच दुसरा घेतल्याने ते बदलत नाही.

मर्यादा नेमकी कुठे सुरू होते, ते मात्र शोधता येते. टेबलावर टर्किश टॉवेल, त्याशेजारी बारीक छपाईचे पान ठेवून नेहमीच्या दिव्याखाली, आधारावरून, आयएसओ १००, २००, ४००, ८०० आणि १६०० असे पाच फोटो घ्यावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे. संगणकावर टॉवेलाच्या धाग्यांचे वेढे पाहावेत. १०० वर प्रत्येक वेढा सुटा दिसतो. पुढे कुठेतरी, बहुधा ४०० ते ८०० च्या दरम्यान, वेढे एकमेकांत मिसळून लापशीसारखे सपाट होतात. रवाळपणा पुसण्याच्या नादात कॅमेऱ्याने तपशीलही पुसलेला असतो. त्याच्या आधीची पायरी ही आपली कमाल आयएसओ, आणि मेनूत स्वयंचलित आयएसओला मर्यादा घालता येत असेल, तर तीच घालावी.

आता आधार सोडून हातात कॅमेरा धरून पाहावे. पूर्ण चौकटीच्या तुलनेतली फोकल लांबी जितकी, एक भागिले तितक्या सेकंदापेक्षा शटर मंद नसावे, हा जुना दंडक इथेही उपयोगी पडतो. फाइलमध्ये ५ मिलिमीटर दिसत असेल, तर १/२.३ इंची सेन्सरसाठी त्याला ५.६ ने गुणावे. उत्तर २८, म्हणजे १/३० सेकंद बस्स. झूम २५ मिलिमीटरवर नेला की तेच १४० होते आणि १/१५० लागते. खोलीत झूम लावलेले फोटो का हलतात, ते यावरून लक्षात येईल. कंप रोखणारी यंत्रणा आता चालू करावी आणि ती किती मदत करते, ते त्याच दृश्यावर दहा-दहा फोटो घेऊन मोजावे.

एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले, तर सेन्सर बिघडलेला नाही. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा, आणि ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा मंद-तेज होतात. पहिल्या ठिकाणी शटर १/५० किंवा १/१००, दुसऱ्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० ठेवावे, अथवा मेनूतली ५०-६० हर्ट्झची निवड स्थानिक विजेप्रमाणे करावी.

फ्लॅशसाठी १, २ आणि ४ मीटरवर तीन वस्तू ठेवून एक फोटो पुरे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, त्यामुळे शेवटची वस्तू अंधारात जाणारच. फ्लॅशच्या फोटोत तरंगणारे पांढरे गोल हवेतल्या धुळीचे असतात. दर फोटोत त्यांची जागा बदलते, ही त्यांची ओळख.

## टप्पा ९: व्हिडिओ आणि बॅटरी

कार्ड भरेपर्यंत किंवा कॅमेरा आपोआप थांबेपर्यंत एक व्हिडिओ घ्यावा. मध्ये झूम हलवून मोटरचा आवाज किती शिरतो आणि कार्ड मागे पडून चित्रण तुटते का, एवढेच पाहावे. त्यानंतर बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून, अर्धे फोटो फ्लॅश लावून आणि अर्धे न लावता, ती संपेपर्यंत मोजावेत.

## टप्पा १०: निर्णय आणि परत पाठवण्याची तयारी

वहीत प्रत्येक नोंदीपुढे दोष, मर्यादा किंवा हाताळणी असा एकच शब्द लिहावा. एकही दोष नसेल आणि मर्यादा आपल्या कामाला चालत असतील, तर कॅमेरा ठेवावा. दोष असेल, तर नवा तसाच नग मागावा. मर्यादाच नकोशा असतील, तर मात्र तोच नग बदलून घेण्यात अर्थ नाही, वेगळ्या वर्गातला कॅमेरा पाहावा.

तक्रारीत ‘फोटो चांगले येत नाहीत’ असे लिहिले, तर उत्तर म्हणून सेटिंग बदलून पाहण्याचा सल्लाच मिळतो. ‘झूमच्या रुंद टोकाला उजवा वरचा कोपरा पुसट, कॅमेरा उलटा धरल्यावर पुसटपणा कॅमेऱ्याबरोबर फिरतो, दोन्ही मूळ फाइल सोबत जोडल्या आहेत’ असे लिहावे. कॅमेरा हातावेगळा करण्यापूर्वी आपले कार्ड काढून घ्यावे, मेनूतून सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीत न्याव्यात आणि कार्ड नसताना एकदा प्लेबॅकचे बटण दाबून पाहावे. पुष्कळ कॅमेऱ्यांना थोडी अंतर्गत मेमरी असते आणि कार्ड घालण्याआधी घाईने काढलेले घरचे फोटो तिथेच राहून गेलेले असतात.